स्ट्रेंथ कोचचा पुढचा रस्ता

प्रश्न : माटुंग्याच्या कॉलेजात कबड्डी संघाचा स्ट्रेंथ कोच आहे. स्पोर्ट्स सायन्सकडे वळायचंय. कॉलेजला आधी जीपीएस (खेळाडूंच्या अंगावर लावून त्यांची धावपळ मोजणारं यंत्र) घ्यायला सांगू का?

उत्तर : नको, आधी वही घ्या. सरावानंतर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा, ० ते १० मध्ये सराव किती जड गेला? त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. ७ आणि ६० मिनिटं, म्हणजे भार ४२०. अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत जगभर वापरतात, खर्च शून्य. झोपही लिहा, विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या पोराला तोच सराव जास्त जड जातो, हे मी पोटतिडकीने सांगते. मग एक्सेल आणि सांख्यिकी शिका, अगदी पक्की. आकडे बघून उद्याचे स्क्वॉट कमी करायला मुख्य कोचला पटवणं मात्र तुमच्यासारख्या जिममध्ये घाम गाळलेल्या माणसालाच जमतं.