कुंडीतल्या दुधीला फुलं भरपूर येतात, पण बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळतात. कोणतं खत घालावं?

कोणतंही घालू नका. खताचा इथे काही संबंध नाही, आणि हे मी जरा चिडूनच सांगतेय, कारण याच सल्ल्यापायी माझा एक अख्खा पावसाळा वाया गेला.

आधी तुमच्या शेजारच्या काकांचं. ते म्हणतात वेल नर आहे, उपटून टाका. काकांना सांगा, नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो तो कर्टोल्याचा. पपईचं झाडही नर निघतं. दुधीच्या मात्र एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात. लांब बारीक देठावर पानांच्या वर डोकं काढून उभं असतं ते नर. ज्या फुलाच्या मागे आधीपासूनच लव असलेला इवलासा दुधी चिकटलेला दिसतो ते मादी. म्हणजे ‘दुधी धरला आणि गळला’ असं जे तुम्हाला वाटतंय, तो धरलेलाच नसतो. नराचे परागकण मादी फुलापर्यंत पोचले तर पुढे दुधी, नाही पोचले तर चार दिवसांत पिवळा. यात खत काय करणार?

आता माझं ऐका.

मी नाशिकला राहते, वर गच्ची आहे. माहेर निफाड तालुक्यातलं, दादाची द्राक्षबाग आहे. ‘दादाची’च म्हणायचं, कारण २००८ साली मी हक्कसोडपत्रावर सही केली. त्या दिवशी पैठणी मिळाली, येवल्याची, खरी. असो. तर माझी शेती म्हणजे चौदा कुंड्या आणि निळा ड्रम मधोमध कापून केलेले दोन अर्धे ड्रम. त्यातल्या एकात २०२१ च्या जूनमध्ये दुधीच्या दोन बिया टोचल्या. दोन्ही उगवल्या, एक ठेवली. ऑगस्टपर्यंत वेल कपडे वाळत घालायच्या तारेवरून पाण्याच्या टाकीवर चढला होता. फुलं रोज. दुधी एकही नाही.

राखीला दादा आला. गच्चीवर चढला, वेलाकडे बघितलं, पान उलटं करून बघितलं, बोटाने माती उकरली आणि म्हणाला, “भुकेला आहे वेल. युरिया टाक एक मूठ.” मी म्हटलं, दादा, पानं तर काळीभोर आहेत. तर म्हणे, “चाळीस वर्षं बाग करतोय मी, तू बँकेत कारकुनी केलीस.” पुढच्या आठवड्यात भाच्याबरोबर दोन पिशव्याही आल्या. एकीत युरिया, दुसरीत १९:१९:१९ म्हणतात ते मिश्र खत.

टाकला. काय व्हायचं ते झालं. पानं सुपाएवढी झाली, वेल टाकी ओलांडून शेजारच्यांच्या डिश अँटेनाला जाऊन भिडला, आणि दुधी पहिल्यासारखेच पिवळे. अकरा गळले. मी मोजत होते, कारण घरात रोज कुणीतरी विचारायचं, “आज किती गेले?” युरियातलं नत्र जास्त झालं की वेल पाल्यावर जातो हे दादाला माहीत नसेल असं नाही. द्राक्षाच्या बाबतीत तो माझ्यापुढे तासभर यावर बोलू शकतो. पण गच्चीवरच्या कुंडीकडे बघताना तेवढा विचार करायचा नसतो ना.

मग सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी लाइट गेली. खाली उकडत होतं म्हणून साडेसातच्या सुमाराला वर जाऊन बसले. अंधारात वेल दिसत नव्हता, पण फुलं दिसत होती. सगळी पांढरीशुभ्र, ताठ उमललेली, कुणी मांडवावर रुमाल वाळत घातल्यासारखी. मी रोज सकाळी सहा-साडेसहाला चहाचा कप घेऊन वर जायचे आणि कोमेजलेली, ओल्या टिश्यूसारखी झालेली फुलं बघून म्हणायचे, वेलाला काहीतरी रोग आहे. रोग कसला! दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटतं. दिवसा मधमाश्या फिरतात तेव्हा ते उघडं नसतंच. त्याचं काम करतात रात्रीचे पतंग, लांब सोंडेचे, फुलासमोर हवेत तरंगत राहणारे. आमच्या गच्चीवर चारी बाजूंनी सोसायट्यांचे दिवे, पतंग येणार कुठून?

त्या रात्री मोबाइलचा टॉर्च दातांत धरून मी एक नर फूल खुडलं, पाकळ्या मागे सोलून काढल्या, मधला पिवळा दांडा मोकळा केला आणि मादी फुलात नीट फिरवला. आत तीन फुगीर भाग असतात, तिन्हींना पिवळी पूड लागली पाहिजे. एकालाच लागली तर दुधी एका बाजूने वाढतो, वाकडा होतो. खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधला. तिसऱ्या दिवशी देठ खाली झुकलेला होता. दुधी धरला की तो वजनाने मान खाली घालतो, न धरलेला तसाच आडवा राहून सुकतो. पंधराव्या दिवशी काढला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक किलो दीडशे ग्रॅम भरला. नख लावलं तर लोण्यासारखं आत गेलं.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दादाचं उत्तर आलं : “युरियाचा गुण.”

मी फोन लावला. त्याला सगळं सांगितलं, लाइट गेल्यापासून. तो म्हणाला, “चाळीस वर्षांत मला कधी फुलात फूल घासायची वेळ आली नाही.” मी म्हटलं, येणार कशी? तुझ्या द्राक्षाच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतं, शेजारी शेजारी, त्यांचं त्यांचं होऊन जातं. तुला खत, पाणी, छाटणी आणि फवारणी एवढंच बघावं लागलं, म्हणून तुला प्रत्येक दुखण्यात खतच दिसतं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही,” आणि फोन ठेवला.

तर तुमच्यासाठी एवढंच : सकाळी बघू नका, सूर्य मावळताना गच्चीवर जा. पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, त्या काळात घाबरू नका. पाऊस असेल तर पराग धुऊन जातो, फूल छत्रीखाली धरून करा, लोक हसतील, हसू देत. कारलं, काकडी, लाल भोपळा, घोसाळी असतील तर मात्र सकाळी करायचं, ती फुलं सकाळची. दोडक्याचं फूल पिवळं असलं तरी संध्याकाळचं, पडवळही संध्याकाळचं. मला दोडक्याने एक हंगाम फसवलेलं आहे, घोसाळ्याचा भाऊ म्हणून मी त्यालाही सकाळी शोधत बसले होते.

पानांवरच्या पांढऱ्या पावडरीचंही तुम्ही विचारलंत. ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. खालची म्हातारी पानं काढून टाका, हवा खेळू द्या, आंबट ताक दहापट पाण्यात मिसळून फवारा, सुरुवात असेल तर आटोक्यात येते. कुणी द्राक्षवाला भेटला तर गंधक सांगेल, कारण त्यांच्या बागेत भुरीवर ते चालतं. दुधी-काकडीची पानं कडक उन्हात गंधकाने भाजतात, तेव्हा जपून. बाकी भुरीबद्दल दादाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे कबूल.

आणखी एक कबूल करायचंय, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल. पहिला दुधी निघाल्यावर मला जोर चढला. एका संध्याकाळी सात मादी फुलं उमलली होती, सातही उरकली. चार दिवस सगळी फुगली, मग पाच पिवळी पडली. या वेळी परागांचा दोष नव्हता. मी दादाला फोन करून आडून विचारलं, तुम्ही घडांची विरळणी कशावरून ठरवता? तो म्हणाला, “वेल बघून माल धरायचा. काडीची जाडी बघ, पानं मोज, झेपेल तेवढंच ठेव.” तेव्हापासून अर्ध्या ड्रमच्या वेलावर मी एका वेळी दोनच दुधी ठेवते, ते काढले की पुढचे दोन. तुमची कुंडी बारा इंची असेल तर एकच, आणि तोही होईल असं नाही. कुंडी लहान असेल तर वर मी जे सांगितलं ते सगळं करूनही हाती काही लागणार नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं. खतही अजिबात नको असं नाही. मूठभर शेणखत किंवा गांडूळखत पंधरा दिवसांनी चालतं, कुंडीतली माती लवकर रिकामी होते. मी म्हणतेय ते पोत्यातल्या पांढऱ्या खताबद्दल.

गेल्या श्रावणात वहिनीचा फोन आला. त्यांच्या पडवीवर दुधी चढवलाय, शेजारीच बाग, फवारण्या एवढ्या की पाखरू फिरकत नाही. हळूच म्हणाली, “ताई, ते फूल किती वाजता उमलतं? हे शेजारीच उभे आहेत, पण विचारलं म्हणून सांगू नको म्हणाले.” मी सांगितलं, पावणेसातला, आणि टॉर्च धरायला त्यांना घे.

हां, एक राहिलं. घरचा असो की बाजारचा, दुधी चिरला की देठाकडची एक चकती चाखून बघा. कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी फेका, साखर-गूळ घालून खपवू नका, रस तर मुळीच काढू नका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत.