व्यावसायिक खेळाडूला खेळ सोडून संशोधन क्षेत्रात जाता येते का? वय २७ म्हणजे उशीर झाला का?

आपण विचारले आहे, की वयाच्या २७व्या वर्षी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, व्यावसायिक कबड्डी सोडून पीएच.डी.कडे वळणे शहाणपणाचे ठरेल का, आणि विद्यापीठातले लोक खेळाडूला गांभीर्याने घेतील का. मी आठ वर्षे मुंबईत एका सार्वजनिक क्षेत्रातील संघाकडून डाव्या कोपऱ्यात खेळलो. खेळाडू कोट्यातून मिळालेली नोकरी सांभाळून नंतर क्रीडा जीवयांत्रिकी, म्हणजे खेळातील हालचाली आणि शरीरावर येणारी बले यांचा अभ्यास, या विषयात पीएच.डी. केली आणि आज त्याच विषयात शिकवतो व संशोधन करतो. त्यामुळे हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

माझे संशोधन सुरू झाले ते एका चित्रफितीपासून. राज्य पातळीवरच्या एका सामन्यात माझ्या उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांध्यातील पुढचा तिरपा अस्थिबंध, तुटला. तीन वर्षे मी प्रत्येकाला एकच हकीकत सांगत होतो: मी चढाईपटूचा घोटा धरला, तो अंगावर कोसळला आणि त्याच्या वजनाखाली गुडघा वळला. यात खोटे बोलण्याचा हेतू नव्हता, मला ते तसेच आठवत होते. पुढे एम.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, असताना त्या सामन्याचे चित्रण हाती आले. त्यात स्पष्ट दिसत होते, की माझा पाय मॅटवर टेकला, गुडघा आत गेला आणि मी कोसळलो तेव्हा चढाईपटू माझ्यापासून हातभर लांब होता; तो अंगावर पडला तो त्यानंतर. ते दृश्य मी त्या रात्री कितीतरी वेळा मागे-पुढे करून पाहिले. एका चौकटीत (फ्रेममध्ये) गुडघा सरळ होता आणि पुढच्याच चौकटीत तो आत कोसळलेला होता.

त्या दोन चौकटींच्या मधे काय घडले, हा माझा पहिला खरा प्रश्न. चित्रण सेकंदाला २५ चौकटींचे होते, म्हणजे दोन चौकटींत ४० मिलिसेकंदांचे अंतर. एसीएलच्या दुखापतींवरील अभ्यासांनुसार, धक्का न लागता होणाऱ्या दुखापतीत हा अस्थिबंध बहुधा पाय टेकल्यावर साधारण तेवढ्याच अवधीत तुटतो. सारी घटना कॅमेऱ्याच्या दोन पापण्यांमधे निसटत होती. ते टिपण्यासाठी सेकंदाला शेकडो चौकटी घेणारे कॅमेरे आणि जमिनीकडून पायावर येणारे बल सेकंदाला हजार वेळा नोंदवणारी फोर्स प्लेट लागते, हे कळल्यावरच मी प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलो.

हे इतके सांगण्याचे कारण असे, की खेळाडूकडे शिस्त असते, मेहनतीची सवय असते, म्हणून तो संशोधनात चमकेल, असे आपल्याला अनेकजण सांगतील. शिस्त उपयोगी पडते, पण खरी अडचण दुसरीकडेच असते. वर्षानुवर्षे मैदानावर घालवल्यामुळे आपल्याला अनेक गोष्टी ठाम ठाऊक असतात, आणि संशोधनात त्या ठाम ठाऊक असलेल्या गोष्टींनाच आधी बाजूला ठेवावे लागते. माझ्या स्वतःच्या गुडघ्याविषयीची माझी साक्ष चुकीची निघाली, तर मग बाकी समजुतींचे काय? माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्या भेटीतच सांगितले होते, की तुमचा अनुभव हा प्रश्न शोधण्यासाठी सोने आहे आणि उत्तर म्हणून त्याची किंमत शून्य आहे. ते वाक्य तेव्हा फार लागले. आज मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच सांगतो.

अनुभवाचा उपयोग कुठे होतो, याचेही एक उदाहरण देतो. प्रयोगशाळेत उडीच्या चाचणीपूर्वी खेळाडूच्या कटीवर, मांडीवर, गुडघ्याच्या दोन्ही अंगांना आणि घोट्यावर चकाकणारे लहान गोल मार्कर चिकटपट्टीने लावतात आणि त्यांच्या हालचालीवरून सांध्यांचे कोन काढतात. पुस्तकातल्या चित्रात ते सुरेख दिसतात. पण कबड्डीपटूला नीट गरम होऊ दिले, की पाच-सात उड्यांत घामाने मार्कर घरंगळतात, आणि गरम होऊ दिले नाही तर तो सामन्यात करतो तशी हालचाल करतच नाही. माझे प्रयोगशाळेतील सहकारी प्रत्येक खेळाडूला थंड अंगानेच उडी मारायला सांगत होते. ती उडी पाहताच मला कळले, की असा बचाव कोणीही करत नाही. मग आम्ही दोन उड्यांमधे अंग कोरडे करण्याची, त्वचेवर मार्करच्या जागा पेनाने आखून ठेवण्याची आणि प्रत्येक उडीनंतर त्या तपासण्याची पद्धत बसवली. काम दुप्पट लांबले, पण नोंदी खऱ्या मिळाल्या.

मैदानावर तीस सेकंदांत चढाईचा निकाल लागतो, गुणफलक बदलतो, प्रेक्षक ओरडतात. शोधनिबंध पाठवल्यावर मात्र महिनोन्महिने काहीच घडत नाही, आणि मग कोणा अनामिक परीक्षकाचे पत्र येते, ज्यात आपल्या दोन वर्षांच्या कामातील नमुना लहान, म्हणजे तपासलेल्या खेळाडूंची संख्या कमी, असल्याचे चार ओळींत लिहिलेले असते. ती शांतता मला दुखापतीपेक्षा जड गेली. पहिली दोन वर्षे मी रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन मुलांना शिकवत असे. तेवढ्या आधारावर मी टिकलो, असे म्हणायला हरकत नाही.

वयाच्या प्रश्नासाठी जॉन अर्शेल यांचे उदाहरण पाहा. ते अमेरिकन फुटबॉलमधील बाल्टिमोर रेव्हन्स संघाचे खेळाडू होते. २०१४ साली व्यावसायिक खेळात उतरण्यापूर्वीच त्यांनी पेन स्टेट विद्यापीठातून गणिताची पदव्युत्तर पदवी घेतली होती. २०१५ साली, खेळत असतानाच, त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सरावात डोक्याला मार बसला, आणि मैदानावर परतल्यानंतरही उच्च गणिताचा विचार करण्याची क्षमता पूर्ववत व्हायला अधिक काळ लागल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०१६ साली त्यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात पीएच.डी. सुरू केली, जुलै २०१७ मध्ये वयाच्या २६व्या वर्षी निवृत्ती घेतली, २०२१ साली पदवी मिळवली आणि २०२३ पासून ते तिथेच गणिताचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या आधी फ्रँक रायन यांनी क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाला १९६४चे विजेतेपद मिळवून दिले आणि १९६५ साली राइस विद्यापीठातून गणितात पीएच.डी. घेतली. या दोघांनीही खेळ संपण्याची वाट पाहिली नाही. २७ हे वय उशिराचे नाही, पण आपण आजच सुरुवात केली तरच.

आपल्याकडचे गणित मी पैशांसकट सांगतो, कारण याबाबतीत माझी चूक झाली. यूजीसी नेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेमध्ये, शारीरिक शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात (राखीव प्रवर्गांना ५० टक्के). याच परीक्षेतून दिली जाणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. मात्र त्यासाठी वयाची अट सध्या ३० वर्षे असून महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट आहे. मी ‘अजून एक हंगाम’ करत राहिलो आणि एम.पी.एड. संपले तेव्हा ती मर्यादा ओलांडली होती. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही, त्यामुळे नेट कामी आली, पण पीएच.डी. अर्धवेळ करावी लागली. आपण नोकरीत असाल, तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी.साठी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज प्रवेश परीक्षेच्या आधीच करा, कारण माझी फाइल एका टेबलावर चार महिने पडून होती.

लोक गांभीर्याने घेतील का, याचे उत्तर पहिल्या वर्षी नाही आणि पुढे हो, असे आहे. पहिल्या परिसंवादात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालकांनी माझी पदकेच वाचून दाखवली, विषय सांगितलाच नाही. त्यानंतर मी संख्याशास्त्र मुळापासून शिकलो, पदवीच्या मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून शिकलो, आणि दुसऱ्या सादरीकरणानंतर आलेले सगळे प्रश्न माझ्या आकडेमोडीवर होते. तो दिवस मला कोणत्याही पदकापेक्षा जवळचा वाटतो.

आपल्या दुखापतीचे चित्रण असेल तर ते मिळवा, पण लगेच पाहू नका. आधी त्या क्षणी काय घडले ते आठवेल तसे, पाय कसा पडला, कोण कुठे होते, इथपर्यंत कागदावर लिहून काढा, मग चित्रण पाहा आणि जिथे जिथे तफावत आढळेल तिथे खूण करा. मार्गदर्शक शोधायला जाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या फाइलसोबत तो कागदही न्या.