सेओइ-नागे आणि पाठकुळी

प्रश्न आहे : ज्युदोतल्या 'सेओइ-नागे' या डावाला मराठीत 'खांदाफेक' म्हणावं का, आणि त्यातले 'इप्पोन' व 'मोरोते' हे प्रकार कसे सांगावेत?

आधी उच्चार. ते 'नागे' आहे. 'सेओइ-नेज' ऐकून कान किटले. रोमन स्पेलिंग इंग्रजी वळणानं वाचायची ही खोड सोडा. नागे म्हणजे फेक, त्यात बोलण्यासारखं काही नाही.

'खांदाफेक' मात्र साफ चूक. खांदा म्हणजे 'काता', आणि तो 'काता-गुरुमा'त आहे. तिथे प्रतिस्पर्ध्याला खरोखरच खांद्यांवर आडवं घेतात. 'सेओइ'तलं 'से' म्हणजे पाठ, 'ओउ' म्हणजे वाहणे. कोडोकान, म्हणजे ज्युदोची मूळ संस्था, तर हा डाव 'ते-वाझा'त, म्हणजे हातांच्या डावांत धरतं.

खरी गंमत या 'ओउ'त आहे. तो जपानीत ज्या चिनी चिन्हानं लिहितात, त्यानंच 'माकेरु', म्हणजे हरणे, लिहितात. ऋण संख्येतलं 'ऋण'ही तेच! चिन्हात वर माणूस आणि खाली शिंपला, म्हणजे जुन्या चीनमधलं कवडीचं धन. चिनी कोशकार शू शेनच्या सुमारे इ. स. 100च्या कोशात म्हटलंय की, हा माणूस धनाची राखण करतोय, त्याला त्याचा आधार आहे. कसला आधार! तोच शू शेन पुढच्याच दमात दुसरा अर्थ देतो : कर्ज घेऊन न फेडणे. मग राखणदार आणला कुठून? माझ्या मते पाठीवरचं ओझं, कर्ज आणि हार ही एकाच कल्पनेची तीन रूपं आहेत. आपल्याकडेही माणूस कर्जाखाली वाकतोच की. कोशकार मात्र अर्थांना एक, दोन, तीन असे क्रमांक देऊन मोकळे.

काहींना 'धोबीपछाड' पुरेसा वाटतो. डाव जवळचा आहे, मान्य. पण त्या शब्दात सगळा जोर आपटण्यावर, पाठीवर घेणं गायब. उलट जपानीत 'सेओइ-नागे खाणे' म्हणजे ऐनवेळी दगा होणे, नुसतं हरणे नव्हे. आपल्याकडे 'पाठकुळी' हा नेमका शब्द असताना 'पाठकुळी-फेक' म्हणायला काय हरकत आहे?

हां, प्रकार. 'मोरोते' म्हणजे दोन्ही हात : बाही आणि कॉलर, दोन्हींवरची पकड शेवटपर्यंत कायम. 'इप्पोन'मध्ये प्रतिस्पर्ध्याचा एक दंड आपल्या कोपराच्या बेचक्यात आवळतात. पेन्सिल, छत्री अशा लांबट वस्तू जपानीत 'होन' लावून मोजतात. 'एक होन' म्हणजे इप्पोन. इथे एक हात. निकाली गुणालाही इप्पोनच म्हणतात, म्हणून हा डाव लागला की इप्पोन मिळालाच असं समजू नका.