धुळवडीच्या दिवशी गेलेलं पिल्लू

प्रश्न: मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याने बिग बेअर व्हॅलीतल्या गरुडांच्या घरट्याच्या कॅमेऱ्याची लिंक पाठवली आणि मला वेडच लागलं. स्वयंपाक करतानाही फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवायचे. २०२५च्या मार्चमध्ये जॅकी-शॅडो या गरुडांच्या जोडीला तीन पिल्लं झाली, बर्फाचं वादळ आलं आणि एक गेलं. इथे त्या दिवशी धुळवड होती. त्यानंतर मी कॅमेरा उघडलाच नाही. यजमान म्हणतात, "पक्ष्याचं सुतक किती दिवस?" माझं चुकतंय का? आणि कॅमेरावाल्यांनी त्याला वाचवलं का नाही?
– एक आई, नाशिक

ताई, चुकत काहीच नाही. आदल्या वर्षी हीच जॅकी तीन अंड्यांवर दोन महिन्यांहून जास्त बसली होती. एरवी पाच-साडेपाच आठवड्यांत पिल्लू बाहेर येतं. त्या वर्षी एकही आलं नाही. त्यानंतरची ही तीन पिल्लं. जीव लागणारच! आणि यजमानांना सांगा, त्या कॅमेऱ्याच्या संस्थेने गेलेल्या पिल्लाचंही नाव ठेवलं, मिस्टी. सुतक काही एकट्या तुमच्या घरी नव्हतं.

वाचवायचं म्हणता, पण ते घरटं जेफ्री पाइनच्या झाडावर, जवळपास १४५ फूट उंचीवर आहे. त्या वादळात कुणी वर चढलं असतं तर आईबाप बिथरून उडाले असते आणि उघड्यावर उरलेली दोन्ही गारठली असती. शिवाय या गरुडांना त्रास देणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. त्या रात्री पिल्लांवर आईबापाच्या पंखांचंच पांघरूण होतं, आणि त्याहून चांगलं कुणी काही देऊ शकलं नसतं.

रागावणार आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. तुम्ही कॅमेरा बंद केलात तो नेमका त्या बर्फात. तुमच्या मनात ती दोन पिल्लं अजून तिथेच कुडकुडत बसली आहेत. अहो, ती वाढली! तिथल्या शाळेतल्या मुलांनी त्यांची नावं ठेवली, सनी आणि गिझ्मो. जूनमध्ये दोघंही उडाली.

आणि लिंक मुलाने पाठवली होती, हे विसरू नका. कॅमेऱ्याबरोबर त्याच्याशी होणाऱ्या त्या गप्पाही थांबल्या असतील तर मला जास्त वाईट वाटेल. रविवारी रात्री त्याला फोन लावा, तिकडे सकाळ असेल. जूनमधलं रेकॉर्डिंग दोघांनी एकदमच सुरू करा. यजमानांनाही शेजारी बसवा. उडण्याआधी पिल्लं घरट्याच्या काठावर उभी राहून पंख फडफडवत जागच्या जागी उड्या मारतात, ते तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.