दोन कप एकात एक घातले, तरी बोटं का भाजतात?

प्रश्न: सोसायटीच्या बैठकीत चहा देताना आम्ही २ कागदी कप एकात एक घालतो. तरी चटका बसतोच. कॅफेतला दुपदरी कप मात्र आरामात धरता येतो. पदर दोन्हीकडे २च, मग असं का?

उत्तर: हात वाचतो तो कागदामुळे नाही, दोन पदरांत कोंडलेल्या हवेमुळे. हवेतून उष्णता फार हळू सरकते. कपाचा कागद जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर जाड, त्यात ओतलेला चहा ८०-८५ अंशांचा, आणि कातडीला ४४ अंशांच्या आसपासच दुखू लागतं.

तुमच्या दोन्ही कपांचा उतार सारखाच. आतला दाबून बसवला की भिंती एकमेकींना चिकटतात आणि मधली हवा निघून जाते. दुपदरी कपात बाहेरचा पदर मुद्दाम सैल असतो, फक्त वर आणि तळाशी धरलेला. रेघारेघांच्या कपावर बोटं नुसत्या उंचवट्यांवर टेकतात. तोही आवळून धरला तर पदर आत दबतो आणि नेमका तिथेच चटका बसतो.

सोपा उपाय म्हणजे बाही, म्हणजे कपाभोवती गुंडाळायची पुठ्ठ्याची पट्टी. एक वापरलेला कप जोडावर उभा कापा, तळ काढा आणि सपाट करा. पंख्यासारखा आकार मिळेल. सरळ पट्टी उतारावर कधीच नीट बसत नाही, म्हणून हाच साचा घ्या. त्याच्या मधल्या भागाची ४-५ सेंमी रुंद पट्टी, एका बाजूने नागमोडी असलेल्या मऊ पुठ्ठ्यावर आखा. घड्या उभ्या आणि कपाच्या बाजूला ठेवा. लांबी २ सेंमी जास्त धरा: साधारण निम्मी पुठ्ठ्याच्या जाडीत जाते, उरलेली चिकटवायला लागते. पिना मारू नका, त्या तापतात.

बाहीने हात वाचेल, चहा गरम राहीलच असं नाही. उघड्या कपातली बरीचशी उष्णता वाफेबरोबर वरून जाते, त्यासाठी झाकण हवं. झाकणाचं भोक कपाच्या उभ्या जोडावर येऊ देऊ नका. काठाशी चहा झिरपतो तो बहुधा तिथूनच, आणि पुठ्ठा भिजला की हवेच्या जागी पाणी शिरतं. पाण्यातून उष्णता हवेच्या २० पटींहून जास्त वेगाने जाते, त्यामुळे ओली बाही लगेच बदला.