फुटबॉल सामन्याला मदतीची बादली फिरवताना काय पाळावं?

नाशिकच्या स्थानिक फुटबॉल स्पर्धेत पूरग्रस्तांसाठी बादलीतून पैसे जमवायचेत, लोकांना न दुखावता कसं करावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी आयोजकांची आणि मैदानवाल्यांची परवानगी घ्या. तुमची नोंदणीकृत संस्था नसेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची आधी परवानगी घ्यावी लागते. हे टाळू नका.

आता खरा मुद्दा. बादली खुळखुळवायची नाही. इंग्लंडमध्ये स्टेडियमच्या दारात अशा बादल्या नेहमी दिसतात, तिथेही सीलबंद बादली घेऊन शांत उभं राहणं हीच रीत मानतात. गेटच्या एका बाजूला उभे राहा, वाट अडवू नका. सामना सुरू असताना प्रेक्षकांत फिरू नका; आधी आणि मध्यंतरात पुरे. कोणी मान फिरवली तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतले एक आजोबा दहाची नोट चार घड्या करून, मूठ झाकून टाकत होते. अशा वेळी बादलीत डोकावू नये, फक्त 'आभारी आहे, आजोबा' म्हणावं.

झाकणाला फट ठेवून कडेनं चिकटपट्टी लावा. एका बादलीमागे दोघं हवेत. क्यूआर कोड लावणार असाल तर खातं संस्थेचंच हवं, कुणाचं वैयक्तिक नको. देणगीवरच्या आयकर सवलतीसाठीची (८०जी) पावती कुणी मागितली तर सांगा, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. मोजणी चारचौघांसमोर करा आणि आकडा त्याच रात्री ग्रुपवर टाका.