चित्राचा दर, चित्राचा हक्क आणि तुटलेली वेलांटी

स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनची आणि चित्रांची कामे करणाऱ्यांची पत्रे या वेळी बरीच आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पैशांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तिथे तुमचे आकडे घाला.

प्रश्न : एका बालकादंबरीसाठी मुखपृष्ठ आणि आत आठ कृष्णधवल चित्रे हवी आहेत. प्रकाशक ‘सगळ्याचे मिळून बारा हजार’ म्हणतात. ओळखीच्या चित्रकारांना विचारले तर प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो. मी किती सांगू? (कोल्हापूर)

दुसऱ्यांचे आकडे विचारून हे सुटणार नाही. कुणाला घरभाडे भरायचे असते, कुणी आईवडिलांकडे राहते. आधी स्वतःचा एका दिवसाचा दर काढा.

समजा महिन्याचा घरखर्च ३५,००० रुपये. धंद्याचा खर्च १०,०००. यात सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि विजेबरोबर यंत्रांची झीजही धरायची. ९०,००० रुपयांचा लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट तीन वर्षे चालला, तर महिन्याला अडीच हजार रुपये त्यातच जातात आणि बहुतेक जण ते मोजतच नाहीत. कर आणि आजारपणासाठी ९,००० बाजूला. एकूण ५४,०००. याला तीसने भागू नका. कोटेशन, फोन, बिलांचा पाठपुरावा, रिकामे आठवडे वजा केले की महिन्याला पैसे मिळणारे दिवस बाराच्या आसपास उरतात. म्हणजे दिवसाला ४,५००.

आता काम मोजा. आठ चित्रांच्या कच्च्या आराखड्यांना दोन दिवस, पक्क्या चित्रांना चार, दुरुस्त्यांना एक, मुखपृष्ठाला तीन. दहा दिवस, ४५,००० रुपये. प्रकाशक एवढे देणार नाहीत हे उघड आहे. अशा वेळी दर पाडू नका, काम कमी करा. मुखपृष्ठाचे १३,५००, आत पूर्ण पानाच्या चित्रांऐवजी प्रकरणाच्या सुरुवातीला छोटी रेखाटने, दिवसाला चार या हिशेबाने दोन दिवस, ९,०००. असा २२,५०० चा दुसरा प्रस्ताव समोर ठेवा. तोही नको असेल तर फक्त मुखपृष्ठ करा आणि आतले काम सोडा. दर पाडून घेतलेल्या कामाला पुढच्या पुस्तकाच्या वेळी तोच दर चिकटतो, आणि मग तो वर नेता येत नाही.

कोटेशन ई-मेलनेच पाठवा. त्यात चित्रांची संख्या आणि माप, कच्चे आराखडे किती देणार (दोन पुरेत), दुरुस्तीच्या फेऱ्या किती (दोन), त्यापुढच्या दुरुस्तीला अर्ध्या दिवसाचा दर, हे सगळे हवे. ५० टक्के आगाऊ, २५ टक्के आराखडे मंजूर झाल्यावर, उरलेले छपाईची फाइल देण्याआधी. मंजुरीही लेखी घ्या. ‘मुलगी जरा मोठी दाखवा’ ही सूचना आराखड्यावर आली तर पाच मिनिटांची असते, रंगकाम झाल्यावर आली तर दोन दिवसांची.

प्रश्न : एका संस्थेला वारीच्या पोस्टरसाठी चित्र काढून दिले होते. आता तेच चित्र त्यांच्या विक्रीच्या कॅलेंडरवर आणि कापडी पिशव्यांवर छापले आहे. करार नाही, फक्त बिल आहे. काही करता येईल का? (पुणे)

येईल, पण तुमची बाजू वाटते तेवढी भक्कम नाही. ‘मी काढले म्हणजे हक्क माझाच’ असे अनेकांना वाटते. स्वामित्वहक्क कायदा १९५७ च्या १७ व्या कलमानुसार एरवी पहिला मालक चित्रकार असतो, पण मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. ‘ड्रॉइंग’ हा प्रकार त्याच कायद्यात वेगळा मोजला आहे आणि या अपवादात तो नाही. त्यामुळे टॅब्लेटवर काढलेले चित्र नेमके कशात मोडते यावर दोन्हीकडचे वकील वाद घालू शकतात. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेले चित्र साधारणपणे मालकाचे.

तुमच्या बिलावर काय लिहिले आहे ते आधी पाहा. ‘आषाढी पोस्टरसाठी चित्र’ असे असेल तर तो तुमचा आधार. फक्त ‘डिझाइन चार्जेस’ असेल तर आधार फारसा नाही. दोन्ही परिस्थितींत पहिले पत्र नोटिशीच्या भाषेत नको. चित्र पोस्टरपुरते दिले होते, कॅलेंडर आणि पिशव्यांसाठी वापराचा वेगळा दर इतका, असे साधे बिल जोडून पाठवा. बरेच जण इथेच पैसे देऊन मोकळे होतात. चित्रावरून तुमचे नाव काढले असेल किंवा तुमची प्रतिष्ठा डागाळेल अशी मोडतोड केली असेल तर ५७ वे कलम तुमच्या बाजूने आहे. तो अधिकार हक्क विकल्यानंतरही चित्रकाराकडेच राहतो.

पुढच्या कामाला मात्र कोटेशनमध्ये असे वाक्य घाला : ‘हे चित्र फक्त अमुक पोस्टरसाठी, ५,००० प्रतींपर्यंत, महाराष्ट्रात, एक वर्ष वापरण्याचा परवाना दिला आहे. स्वामित्वहक्क चित्रकाराकडे. इतर वापरासाठी वेगळी परवानगी आणि वेगळा मोबदला.’ ग्राहकाने यावर लेखी ‘मान्य’ दिल्याशिवाय काम सुरू करू नका. हक्क पूर्णपणे विकायचे असतील तर लेखी करार आणि तुमची सही लागते. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या करारात ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द हमखास असतात. ते दिसले की दर कित्येक पटींनी वाढवायचा.

बोधचिन्हाचा याला अपवाद करावा. ग्राहकाला त्याची ट्रेडमार्क नोंदणी करायची असते, म्हणून सगळे हक्क द्या आणि तसे पैसे घ्या. तिथे परवान्याचा हट्ट धरला तर काम जाते, आणि त्यात ग्राहकाचे चुकते असे म्हणता येत नाही.

प्रश्न : मुखपृष्ठ स्क्रीनवर झकास दिसत होते. छापून आले तर जांभळा मळका, भगवा विटलेला, आणि शीर्षकातली वेलांटी भलत्या अक्षरामागे! प्रेसवाले म्हणतात, तुमची फाइलच चुकीची. (नाशिक)

रंगांच्या बाबतीत प्रेसवाल्यांचे बरोबर आहे. पडद्यावरचा झगझगीत जांभळा आणि भगवा सायन, मॅजेंटा, पिवळ्या, काळ्या शाईत बसतच नाही. त्यात मॅट लॅमिनेशन झाले की रंग आणखी दबतो. काम सुरू करतानाच प्रेसकडून रंगाचे प्रोफाइल (त्यांच्याकडे रंग कसे उमटतात याची फाइल) मागा, सॉफ्ट प्रूफ लावून (छपाईतला रंग पडद्यावरच बघून) रंग निवडा आणि शक्य असेल तर लॅमिनेशनसकट एक छापील प्रूफ घ्या. लॅपटॉपचा प्रकाश पूर्ण ठेवून रंग ठरवू नका. बारीक अक्षरे नुसत्या १०० टक्के काळ्यात ठेवा; चारही शाया घातल्या तर छपाई केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत कड दिसते. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या काळ्यात करडा दिसतो, तिथे ६० सायन, ४० मॅजेंटा, ४० पिवळा, १०० काळा असे मिश्रण चालते.

वेलांटीचे कारण बहुधा वेगळे आहे. प्रेसने तुमची मूळ फाइल उघडली आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या जुळवणारा कंपोजर सुरू नव्हता. मग ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरे हलन्तासकट सुटी होतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर निवडायचा. इलस्ट्रेटरमध्ये आधी टाइपच्या प्रेफरन्सेसमधून इंडिक पर्याय दिसते करा आणि मग परिच्छेदाच्या पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोजर लावा. प्रेसला मूळ फाइल देऊच नका. अक्षरांच्या आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेली, पीडीएफ द्या. आउटलाइन केल्यावर एक अनुस्वारही बदलता येत नाही, म्हणून त्याआधी लेखकाची सही घ्या आणि मूळ फाइल वेगळ्या नावाने जपा.

त्या शेवटच्या तपासणीत ‘दऱ्या’ हा शब्द आवर्जून पाहा. त्यातला र नुक्त्याचा (ऱ) नसेल तर ‘दर्या’ छापून येतो, आणि सह्याद्रीवरच्या पुस्तकात अचानक समुद्र शिरतो. ल आणि श हिंदी वळणाचे आले असतील तर मजकुराची भाषा मराठी करून बघा. फॉन्टमध्ये सोय असेल तर अक्षर बदलते. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला असेल तर रूपांतरानंतर रफार एकेक करून तपासा.

पुस्तकाच्या कण्याचे माप अंदाजाने देऊ नका. छपाईच्याच कागदाची १०० पाने दाबून मोजा. ९ मिमी भरली तर एक पान ०.०९ मिमी. २४० पृष्ठे म्हणजे १२० पाने, १०.८ मिमी, त्यात कव्हरच्या कागदाची दुहेरी जाडी मिळवा, साधारण ०.७. कणा साडेअकरा मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापात जाणारी जादा कड), आणि अक्षरे कापाच्या रेषेपासून किमान ५ मिमी आत. चित्र प्रत्यक्ष मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), शुद्ध काळ्या रेषांचे असेल तर ६०० पासून १,२०० पर्यंत.

प्रश्न : काम पोचून चार महिने झाले, बिल अडकले आहे. फोन उचलत नाहीत. (छत्रपती संभाजीनगर)

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? आधार आणि पॅनवर ती विनामूल्य होते. पैसे मागणाऱ्या दलालांच्या वेबसाइटवर जाऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नसेल तर ते स्वीकारले असेच धरतात, म्हणून काम पाठवल्याचा ई-मेल जपा. तक्रार ऑनलाइन करता येते, ती राज्याच्या सूक्ष्म व लघू उद्योग सुविधा परिषदेकडे जाते.

त्याआधी ग्राहकाच्या हिशेबनिसाला एक ओळ लिहून बघा : मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट त्यांना आयकरात पैसे प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी मिळते, ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू आहे. मालक फोन उचलत नाही, पण हिशेबनीस मार्चमध्ये नक्की हलतो. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी. भांडण झाल्यावर काढलेली त्या जुन्या बिलाला उपयोगी पडेलच असे नाही.

जाता जाता जीएसटीविषयी, कारण तेही बऱ्याच जणांनी विचारले आहे. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावता येत नाही.

प्रश्न : ग्राहक एआयने बनवलेले चित्र पाठवून ‘एवढे नीट करून द्या’ म्हणतात आणि निम्मे पैसे सांगतात. (ठाणे)

दिवसाचाच दर लावा. त्या चित्राला थर (लेअर) नसतात, छपाईला पुरेल इतके पिक्सेल बहुधा नसतात, आणि बोटे व दागिने दुरुस्त करण्यात नवे काढण्याइतकाच वेळ जातो. मूळ चित्राची जबाबदारी ग्राहकाची, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

प्रश्न : बालपुस्तकांसाठी चित्रे काढायची आहेत. पोर्टफोलिओत काय ठेवू, आणि कधी पाठवू? (नागपूर)

बारा ते पंधरा कामे, त्याहून जास्त नकोत. प्रकाशक सुटे सुंदर चित्र बघून काम देत नाही. तेच पात्र चार वेगळ्या प्रसंगांत तेच दिसते का, हे तो बघतो. म्हणून एखाद्या लोककथेची सलग सहा पाने करा, मजकुराची जागा सोडून. मराठी शीर्षक हाताने रेखाटता येत असेल तर तेही दोन नमुने ठेवा. सुलेखनकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांसाठी रेखाटलेल्या अक्षरांमुळे मराठी प्रकाशकाची नजर त्या बाबतीत तयार आहे. पुण्यातले ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची चित्रे आधी नीट पाहून घ्या. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरची पुस्तके खुल्या परवान्याखाली असतात, म्हणजे श्रेय देऊन कुणीही ती चित्रे, अगदी विक्रीसाठीही, वापरू शकतो. नाव पोचवायला हे उत्तम, पण त्यातून पुढे वापराचे पैसे येणार नाहीत हे धरून तिथला दर ठरवा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. संपादकांना नमुने जूनमध्ये पाठवा. दसऱ्याला फोन केलात तर चित्रे कधीच वाटून झालेली असतात.